आधी काळं काढा

समजा, तुम्ही मोटारीखाली उताणे पडला आहात. नाकापासून वीतभर अंतरावर इंजिनाचं पोट. बोल्ट सैल केलात, आणि काळंकुट्ट तेल धार धरून खालच्या ट्रेमध्ये पडतंय. आलं डोळ्यांसमोर? नाक दाबू नका, सवय होते.

गॅरेजवाल्या आपल्या उस्तादांचा सगळा जन्म याच वासात गेला. एखादं घाईतलं गिऱ्हाईक म्हणे, "वरून थोडं नवं तेल ओता की, भागेल." उस्ताद हातातला पाना खाली ठेवत.

"काळं आत आणि नवं वर? अहो, नवंही काळं होणार. दुसरं गॅरेज बघा."

गिऱ्हाईक बाकावर बसून थांबे.

त्या दिवशी मात्र उस्तादच गिऱ्हाईक होते. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल पुढे सरकवला.

"यकृताला सूज आहे. रोजचं तळण आत धुमसतंय. लोखंडाला गंज चढतो ना, तसंच काहीसं. असं चाललं तर मोटारीखाली शिरणं सोडाच, जिनाही चढवणार नाही."

"जवसाच्या तेलाच्या गोळ्या घेऊ? सूज पळते म्हणतात."

"गोळ्यांचं मागाहून बघू. आधी ताट बदला."

उस्तादांनी मान डोलावली आणि वाटेत गोळ्यांची बाटली घेतलीच. संध्याकाळी दोन गोळ्या गिळून त्यांनी तळलेल्या बटाट्यांची ताटली पुढे ओढली.

"अहो, जिनाही चढवणार नाही म्हणाल्यात ना डॉक्टरीणबाई?" बायको म्हणाली.

"त्यावर उतारा घेतलाय ना! काही होत नाही मला. घोडा आहे मी, घोडा!"

समोर त्यांची लेक बसली होती. कुठल्याही फटीत, उस्तादांसोबत मोटारीखालीही चपखल बसायची, म्हणून उस्ताद तिला वॉशर म्हणत. तिनं बाटली उलटसुलट करून पाहिली.

"बाबा, ही गोळी म्हणजे नवं तेल?"

"अगदी बरोबर! हुशार गं माझी वॉशर."

"मग काळं कधी काढलंस?"

उस्तादांचा घास हातातच राहिला. आई हसू दाबत पाणी आणायला उठली.

"अगं, माणसाला खाली बोल्ट नसतो."

"मग वरून ओतणं तरी थांबव." तिचा आवाज जरा ओला झाला. "तुला जिनाच चढवला नाही, तर मला मोटारीखाली कोण नेणार?"

आयुष्यभर लोकांना सुनावलेलं वाक्य आज लेकीनं उस्तादांनाच सुनावलं होतं. त्यांनी घास ताटलीत परत ठेवला. काम आटोपल्यावर पुसत, तसे दोन्ही हात नीट पुसले आणि ताटली लेकीकडे, टेबलाच्या कडेपर्यंत सरकवली.

वॉशर उठली. गॅरेजसाठी आणलेला तेलाचा कोरा ट्रे दाराआड उभा होता, तो खडखडत ओढत आणला, टेबलाच्या कडेशी, ताटलीच्या बरोबर खाली धरला आणि ठसक्यात म्हणाली,

"हं, करा बोल्ट सैल, उस्ताद!"