विठाकाकींचं पुढे वाकणं

मांजर्लीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी बायकांचा योगाचा क्लास भरतो. तिथं विठाकाकींचं नाव होतं. पाय लांब सोडून त्या पुढे वाकल्या की कपाळ अलगद गुडघ्यांना टेकायचं. वय साठीच्या पुढचं, पण निम्म्या वयाच्या बायकांना ते जमत नसे. नवीन कोणी आलं की क्लास घेणाऱ्या जिज्ञासा मॅडम काकींनाच पुढे बसवून पश्चिमोत्तानासन करून दाखवायला लावत.

दिवाळीच्या साफसफाईत काकी स्टुलावरून घसरल्या. फार उंचावरून नाही, तरी मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी करायला लावली. हाडं ठिसूळ झाली होती, मणक्याची जास्त.

रोज व्यायाम करणाऱ्या बाईची हाडं ठिसूळ कशी, हे काकींना पटेना. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की योगानं सांधे मोकळे राहतात, तोल सांभाळता येतो, योग सोडू नका. पण हाडांना भार लागतो, म्हणून गोळ्यांच्या जोडीला शिकून घेऊन वजनं उचला. मग म्हणाल्या, "पुढे वाकणं मात्र आजपासून बंद. पाठ गोल झाली की मणक्यावर दाब येतो. तिथलं हाड एकदा चेपलं की पुन्हा पहिल्यासारखं होत नाही."

काकींनी हे क्लासमध्ये सांगितलं, तेव्हा जिज्ञासा मॅडमना ते लागलं. योगात सगळं आहे, जिमला जायची गरज नाही, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. बायका बघत होत्या, म्हणून काकी त्या दिवशीही वाकल्या आणि पुढेही वाकत राहिल्या. एका सकाळी वाकून वर येताना पाठीत कळ आली. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं, फक्त स्नायू ताणला होता. पण रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसलेल्या काकींना डॉक्टरीणबाईंचं चेपलेल्या हाडाचं बोलणं सारखं आठवत होतं.

पाठ बरी झाल्यावर डॉक्टरीणबाईंना विचारून त्या कुळगावच्या जिममध्ये गेल्या. पंजाबी ड्रेस, पायात सुनेचे बूट. तिथल्या ट्रेनर तेजलनं त्यांच्या हातात सगळ्यात हलकी डंबेल्स दिली. डोक्यावर नेताना डावा हात अर्ध्यात थरथरायला लागला आणि खाली आला. अंगाची घडी घालणाऱ्या बाईला एवढंसं वजन पेलेना, याची काकींना लाज वाटली. उठाबशा मात्र त्यांनी पाठ ताठ ठेवून, टाचा न उचलता काढल्या. श्वास कुठे सोडायचा हेही सांगावं लागलं नाही. तेजलनं विचारलं, "काकी, आधी कुठे शिकलात?" काकींनी जिज्ञासा मॅडमचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधीच त्या मॅडमना भेटल्या.

"मी क्लास सोडत नाहीये, मॅडम. पण यापुढे वाकणार नाही, आणि करूनही दाखवणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं?"

"नाही हो. तुम्ही शिकवलं म्हणून जिममध्ये माझा तोल गेला नाही. पण योगानं सगळंच होतं, असं मला पुन्हा सांगू नका."

मॅडमनी हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट मागून घेतला आणि तिथंच उभ्यानं वाचला. पुढच्या आठवड्यात त्यांनी क्लासमधल्या वयस्कर बायकांना हाडं तपासून यायला सांगितलं. त्यांतल्या दोघींची हाडं ठिसूळ निघाली, त्याही आता पुढे वाकत नाहीत. बाकीच्या वाकतात तेव्हा त्या दोघी आणि काकी भिंतीला पाठ लावून ताठ बसतात. पश्चिमोत्तानासन दुसरीच कोणी करून दाखवते. सुरुवातीला काकी तेव्हा खिडकीबाहेर बघायच्या.

वर्षभरानंतरच्या तपासणीत हाडं होती तेवढीच ठिसूळ निघाली. काकी हिरमुसल्या. घसरण थांबली हेच मोठं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. संध्याकाळी जिममध्ये तेजलनं रिपोर्ट बघितला आणि वजन वाढवूया का, म्हणून विचारलं. काकींनी खांदा फिरवून पाहिला.

"आज नको," त्या म्हणाल्या, "खांदा जड वाटतोय. सोमवारी बघू."