जर्दाळूचं नाव

जर्दाळू नुसत्या उन्हात घातले की काळपटतात. पिवळेधमक राहायला हवे असतील, तर त्यांना गंधकाची धुरी द्यावी लागते. सासऱ्यांनी उभा जन्म ती धुरी दिली. फळं चिरायची, आठळ्या काढायच्या, फाका फळ्यांवर उताण्या मांडायच्या, फळ्या बंद खोलीत रचायच्या, दाराखिडकीच्या फटींत ओली पोती कोंबायची आणि आत गंधक पेटवायचं. फळांचा रंग टिकला, सासऱ्यांची छाती काही टिकली नाही. पाठ टेकली की आत लोहाराचा भाता सुरू.

डॉक्टरांनी धूर सोडा म्हणून सांगितलं. म्हाताऱ्यानं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. मग सुनेनंच पदर खोचला.

"बाबा, यंदा धुरी नाही. नुसतं ऊन."

"अगं, त्याचं नाव काय? जर्दाळू! जर्द म्हणजे पिवळा. तंबाखूचा जर्दा म्हणतो ना, तोच जर्द. आणि आलू म्हणजे आलुबुखार. फारसी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून आलेलं नाव ते. पिवळं आलुबुखार! फळानं नावाला जागायला नको?"

"फळ नावाला जागेल हो, पण तुम्ही खोकून खोकून आम्हाला जागवता त्याचं काय?"

म्हातारा हसला, हसता हसता खोकला, आणि त्या खोकल्यातच हरला. ठरलं ते असं: व्यापाऱ्यानं माल उचलला, तर धुरी कायमची बंद. नाकारला, तर पुढच्या हंगामात सुनेनं ब्र काढायचा नाही.

गच्चीवर फाका पसरल्या. सून सकाळी त्या उलटायची, सांजेला झाकायची. पिवळा केशरी झाला, केशरी विटकरी झाला, आणि एके दिवशी पाहते तर गुळाच्या ढेपेसारखा तपकिरी. वास मात्र असा, की शेजारची मांजरंसुद्धा कठड्यावर येऊन बसावीत. हात चालता ठेवून ती गुणगुणायची,

"ऊन नेई रंग, वारा नेई ओल,
आतल्या गोडीचं गं कोण करी मोल?"

व्यापारी आला. सासऱ्यांचा लहानपणचा दोस्त, तोंडाचा फटकळ. पेटीचं झाकण उघडलं आणि त्याचा चेहराच पडला.

"सोन्या, हे काय रे? याला जर्दाळू म्हणायचं? जर्द कुठाय यात?"

सून खांबाला टेकली. संपलं. म्हाताऱ्याचंच वाक्य त्याच्या दोस्ताच्या तोंडी आलं होतं. आता तो मान डोलावणार, आणि गंधकाचा डबा पुन्हा निघणार.

म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं. तिचे हात उन्हानं रापून फाकांच्याच रंगाचे झाले होते.

"तू मला काय म्हणालास आत्ता?"

"काय म्हणालो? सोन्या."

"माझ्या आईनं ठेवलेलं नाव. तेव्हा मी सोन्यासारखा होतो म्हणे. आता बघ हे कातडं! कुठे दिसतंय सोनं? तरी तू हाक सोन्या म्हणूनच मारतोस ना? अरे, नाव जन्मल्यावर ठेवतात, सुरकुत्या पडल्यावर नाही. झाडावर पिवळं होतं म्हणून जर्दाळू. पुढं उन्हानं काय केलं, ते उन्हाला विचार. खा आधी!"

व्यापाऱ्यानं एक फाक तोंडात टाकली. चावणं मंद झालं. हात परत पेटीत गेला.

"मधात घोळवलेत की काय, सूनबाई?"

"नाही हो, काका. उन्हात."

"अर्ध्या पेट्या नेतो. गिऱ्हाईक रंग बघून नाक मुरडणार, सांगून ठेवतो. मी चाखायला लावीन. खपल्या, तर उरलेल्या नेईन."

"म्हणजे माल अर्धाच उचलला," गाडी गेल्यावर सासरे म्हणाले. "मग धुरीपण अर्धी बंद?"

"बाबा!"

"बरं बरं. गंमतसुद्धा करायची नाही का माणसानं?"

ती धुरीच्या खोलीकडे गेली. फटींतली पोती वाळून लाकडासारखी झाली होती. तिनं ती ओढून ओढून काढली. खिडकी फुगली होती, खांदा लावावा लागला. मागून म्हाताऱ्याची हाक आली, "हळू गं, बिजागरी जुनी आहे," आणि मग तोही येऊन खांदा लावू लागला.