धुऱ्यावरचा कुंदा

“पाह्य आता वर्षाली, कसा चकाचक केला धुरा. साहेब येऊन राह्यले म्हन्लं, तं आपली इज्जत गेली नाई पायजे.”

बाबा कमरेवर हात ठेवून उभे होते. मी बघतच राहिले. दोन वावरांमधला आमचा तो बांध जावळ काढलेल्या पोराच्या डोक्यासारखा दिसत होता. आमच्या बाजूला कुंदा गवताचं एक पातं शिल्लक नव्हतं.

“बाबा, कुंदा कुठं गेला?”

“आधी औषध फवारलं, वाळल्यावर खोदला, मंग पेटवला. मुळासगट.”

मी तिथंच खाली बसले. साहेब बघायला येत होते तो कुंदाच. म्हणजे त्याच्या मुळ्यांभोवती राहणारे जिवाणू. ते हवेतलं नत्र ओढून गवताला खाऊ घालतात. म्हणून त्या कुंद्याला कधी कोणी खत घातलं नाही आणि तो कधी पिवळा पडला नाही. साहेबांच्या नालवाडीच्या छोट्या प्रयोगशाळेत मी कामाला आहे. इथल्या मुळ्या पहिल्यांदा मीच नेल्या होत्या, आणि त्यातले जिवाणू ज्वारीला फार मानवले. मग मागच्या महिन्यात फ्रिज बिघडला आणि नळ्यांमधले सगळे जिवाणू मेले. आता ते पुन्हा मिळाले नाहीत तर ते काम बंद, आणि कामासोबत माझी नोकरीही. हे सगळं बाबांना फोनवर सांगायला काय झालं होतं मला? साहेब धुरा बघायला येताहेत, एवढंच बोलून मी फोन ठेवला होता. शेतकऱ्याला असं सांगून निवांत राहणारी मी मोठी शहाणी.

“औषध मारलेल्या मातीतलं नाई चालत?” बाबांचा आवाज उतरला होता.

“नाई चालत.”

साहेबांचा फोन आला. जीप पवनारच्या पुढे आली होती. मी उठले, बसले, पुन्हा उठले, उगाच विहिरीपर्यंत जाऊन आले. बाबा मात्र एकाच दिशेला बघत होते. धुऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, तानबाकाकांच्या बाजूला, कुंद्याची लांब पट्टी तशीच हिरवीगार होती.

तानबाकाका बाबांचे चुलतभाऊ. दरसाल धुरा कोरून आपल्याकडे ओढतो, असं हे त्यांना म्हणत आणि ते यांना. मोजणी झाली, तहसील झाली. माझ्या लग्नात काकांच्या घराचं दार बंद होतं.

“मी जाऊन इचारते,” मी म्हणाले.

“तू नको जाऊ. म्या जाळला, म्याच मांगतो.”

काका वांग्यांना पाणी देत होते. बाबा धुऱ्याच्या अलीकडेच थांबले आणि त्यांनी चपला काढल्या. का, ते मला कळलं नाही.

“तानबा.”

काकांनी वर पाहिलं नाही, पण हातातलं फावडं थांबलं.

“पोरीले कुंद्याचं एक ठोंब पायजे. मुळ्यासंग माती पायजे. तिच्या नोकरीचं काम हाय.”

काकांनी आता मान वर करून आमच्या बोडक्या धुऱ्याकडे पाहिलं.

“तुह्यावाला कुंदा काय झाला?”

“साहेब येनार म्हनून साफ केला.”

काकांना हसू आलं. ते त्यांनी लपवलंही नाही. मग फावडं पुढे केलं. “खोल खोदजो. वरवर खोदशीन तं मुळ्या तुटते.”

बाबांनीच खोदलं. ठोंब ओल्या काळ्या मातीसकट माझ्या डब्यात आलं. मला रडू फुटलं. तेवढ्यात जीप आली म्हणून बरं झालं, धुळीचं निमित्त सांगता आलं.

साहेब वावरात येऊन उभे राहिले तरी बाबा आले नाहीत. आमच्या बाजूची माती टोपल्यात भरून ते पलीकडे नेत होते आणि तो खड्डा बुजवत होते.

“राहू दे ना, लक्ष्मणदादा,” काका म्हणाले. “ओंजळभर तं माती.”

“नाई. तुह्या हिश्श्याची हाय.”

खड्डा भरला तरी बाबा अनवाणी पायांनी माती दाबतच राहिले. काका बघत उभे होते. त्यांचं पाणी वाफा फोडून धुऱ्याकडे निघालं होतं आणि तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.