चारी भिंती माझ्या

मी लार्च हाउस. इंग्लंडातल्या अपर वेदरली गावातला दुमजली बंगला. मला नंबर नाही, पोस्टमनला नाव पुरतं. माझी एकही भिंत शेजाऱ्याची नाही. तशी गरजही कधी पडली नाही.

एका लाकूड व्यापाऱ्याने मला लाल विटांत बांधलं. त्याच्यामागून दोन अविवाहित बहिणी आल्या, त्यांनी दिवाणखान्यात बदकं पाळली. युद्धात सैन्याचे अधिकारी राहिले आणि जिन्याचा कठडा शेकोटीत घालून गेले. मी तक्रार केली नाही. लक्षात ठेवलं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी डेस्मंड आणि बेरिल प्रॉसर आले. तो जनावरांचा डॉक्टर, ती शाळेत शिकवायची. त्यांची मुलगी हिलरी इथेच वाढली. नवराबायको दोघंही भली माणसं. दोष एकच. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून स्वतःचं मन कधी उघडायचं नाही. आमच्या गावात याला सभ्यपणा म्हणतात.

मागच्या नाताळात टर्की कापताना हिलरी म्हणाली, आता समुद्राकाठी एखादं बैठं घर बघा, जिने किती दिवस चढणार? डेस्मंडने बेरिलकडे पाहिलं. बेरिलने डेस्मंडकडे. दोघांनी मान डोलावली.

त्यानंतर बेरिल भांडी पुसताना स्वतःशीच म्हणायची, बागेने त्याची कंबर मोडलीय, त्याला जायचंय, मी कशी अडवू? डेस्मंड नाशपातीच्या झाडापाशी पुटपुटायचा, तिचे गुडघे गेलेत, तिला जायचंय, विचारलं तर माझ्यासाठी राहील बिचारी. दोन्ही ऐकणारा मी एकटा. भिंतींना कान असतात, सल्ला देण्याची सोय नसते.

मग घरविक्रीची दलाल मुलगी आली. तिने खोल्या मोजल्या, कुत्र्याची टोपली लपवून फोटो काढले आणि उत्तरेच्या भिंतीतल्या ओलीला जाहिरातीत 'जुन्या काळचा बाज' म्हटलं. पहिली चार गिऱ्हाइकं प्रत्येक खोलीला 'किती छान' म्हणाली. म्हणजे घेणार नव्हती. पाचवं लॅथम जोडपं. त्यांनी कशालाच छान म्हटलं नाही. किंमत सांगितली. डेस्मंडने हात मिळवला.

सोमवारी सही व्हायची होती. शनिवारी लॅथम पडद्यांची मापं घ्यायला आले. का विकताय, हे त्यांनी सहज विचारलं. लॅथमना डेस्मंडने बागेत सांगितलं, सौ. लॅथमना बेरिलने स्वयंपाकघरात. मग लॅथम नवराबायको जिन्यात कुजबुजली आणि चौघं चहाला बसले. सौ. लॅथम मूळच्या ग्लासगोच्या. तिकडे मनातलं बोलायची पद्धत आहे.

"एक कळत नाही," त्या चहा ढवळत म्हणाल्या. "बेरिल म्हणतात, डेस्मंडना जायचंय. डेस्मंड म्हणतात, बेरिलना जायचंय. मग जायचंय कुणाला?"

लॅथमनी बायकोच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"डेस," बेरिल म्हणाली, "तुला जायचं नाही?"

"तुला जायचंय ना?"

"मी तुझ्यासाठी तयार झाले."

"मग मी सामानाची खोकी कुणासाठी आणली?"

"मला वाटलं, स्वतःसाठी. एकदा विचारलं असतंस तर जीभ झिजली असती?"

"तू विचारलंस?"

कुणी आवाज चढवला नाही. बेरिलने लॅथमना केक दिला. त्यांनी खाल्ला.

कायद्याने सहीपर्यंत माघार घेता येते. गावाच्या रीतीने येत नाही. आणि डेस्मंड असा, की हॉटेलात दुसऱ्याचं ताट पुढ्यात आलं तरी तो मुकाट संपवतो. रविवारभर तो नाशपातीच्या झाडाभोवती फिरत राहिला. मी पाया घट्ट धरून उभा होतो.

सोमवारी नऊ वाजता त्याने सौ. लॅथमना फोन केला. सात वेळा माफी मागितली. पलीकडून बरंच सुनावलं गेलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले आणि तो 'तुमचं बरोबर आहे' म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "नाही. विकत नाही."

त्याच्या तोंडून 'नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हे नाताळातच म्हणायचंस," बेरिल म्हणाली आणि त्याच्याशेजारी जिन्याच्या पायरीवर बसली. गुडघे दुखत असूनही.

दलाल मुलीला कळवायचं अजून राहिलंय. ती फार गुणी, तिला वाईट वाटेल, म्हणून दोघं एकमेकांवर ढकलतात. त्यामुळे जाहिरातीत मी अजून आहे. प्रशस्त, चारी बाजूंनी मोकळा. तुम्ही वाचाल, बघायला याल. माझं एवढंच सांगणं आहे, बेल वाजवू नका. तो दार उघडेल, चहा देईल, पाचही खोल्या दाखवेल. एवढ्यात पुन्हा 'नाही' म्हणणं त्याला झेपायचं नाही.