टीचरची ओळ

“असं एकदाच सगळं लावून ठेवू नकोस गं,” एथेल टीचर म्हणाल्या, तोवर संघमित्राच्या अंगठ्याने बटण दाबलंही होतं.

दुसरीचा वर्ग नुकताच रिकामा झाला होता. खिडकीबाहेरच्या सावरीचा कापूस तरंगत आत येत होता आणि फळ्याखाली साचत होता. दुसरीतली मनाली तो मुठीत धरायला धावत होती, आणि तिची आई संघमित्रा टीचरच्या बाकावर टेकून, टीचरचाच फोन हातात घेऊन, गेला अर्धा तास घाम पुसत होती.

“झालं बघा. चाळीसच्या चाळीस दिवस लावून टाकले. आता रोज सकाळी सहाला आपोआप जाईल. तुम्ही झोपा निवांत.”

“मला कुठली झोप? मी साडेचारला उठतेच.” टीचरनी फोन परत घेतला आणि लांब धरून बघितला. “मी रोज स्वतः पाठवते ना, ती माझी हजेरी आहे.”

“तुमची? मुलांची ना?”

“मुलांची शाळा घेते. माझी कोण घेणार? एकटं माणूस मी. सहाला मेसेज आला म्हणजे टीचर उठली. नाही आला, तर कोणीतरी विचारेल, की बाई, काय झालं? आता तुझं मशीन पाठवणार. मग मी असले काय आणि नसले काय.”

“काहीतरीच काय टीचर!” संघमित्रा हसली आणि मनालीच्या केसातला कापूस काढायला लागली. विषय तिथेच संपला.

खरं सांगायचं तर तिने हे टीचरच्या सोयीसाठी केलंच नव्हतं. ती वैतागली होती. शाळेच्या संस्थेने मार्चमध्ये फर्मान काढलं होतं, ‘वसंत उपक्रम: चाळीस दिवस, चाळीस साधनं’. शिक्षकांसाठी कुठलंसं पोर्टल, सगळं मोफत. त्यातली गाणी, व्हिडिओ, रंगवायची चित्रं, यातलं रोज एक पालकांच्या ग्रुपवर पाठवायचं, म्हणजे पोर्टलवर शाळेच्या नावापुढे हिरवी खूण पडते. एथेल टीचर निवृत्तीला एक वर्ष राहिलेल्या. एका बोटाने टाइप करायच्या. सहाला पहिली टिंग, सहा पाचला ‘हा मेसेज हटवला आहे’, मग पुन्हा टिंग, पुन्हा हटवला, मग चौथीचा कागद दुसरीला. रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याची, प्रबुद्धची, झोपमोड व्हायची आणि तो उशीखालून ओरडायचा, “अगं, त्या बाईला कोणीतरी शिकवा रे!”

म्हणून संघमित्राने शिकवलं. शिकवलं म्हणजे, स्वतः करून टाकलं, फोन बंद असला तरी पोर्टलच पाठवेल असं. पदवीधर मुलगी, लग्नाआधी दोन वर्षं ऑफिसात काढलेली. तिला काय अवघड होतं?

तरी टिंग काही एकावर आली नाही. सहाला पोर्टलचं साधन जायचं आणि सव्वासहाच्या सुमाराला टीचरची स्वतःची एक ओळ यायची. कारण ती मोफत साधनं कुठल्या देशात तयार झाली होती, देव जाणे. वसंत ऋतू म्हणून एका चित्रात बर्फाचा माणूस वितळत होता, दुसऱ्यात लोकरीचा कोट काढून ठेवणारं अस्वल. विक्रोळीत पोरं घामोळ्यांना पावडर लावून शाळेत जात होती. टीचर खाली लिहायच्या, ‘मुलानो आपल्याकडे बर्फ नसतो. शाळेमागे सावर फुटली आहे. कापूस आणा वहीत चिकटवा.’ कधी, ‘आज येताना कोकीळ एकली का ते लिहा.’ ऐकलीचा ‘ऐ’ त्यांना फोनवर सापडत नसे.

मनाली त्या ओळीसाठी थांबायची. साधन उघडलं न उघडलं तरी तिला फरक पडत नव्हता. संघमित्राला मात्र त्या दुसऱ्या टिंगचा राग यायचा. एवढं लावून दिलं, तरी या बाईंना राहवत नाही!

गुरुवारी दुसरी टिंग आली नाही.

“टीचरची ओळ कुठाय?” मनालीने ब्रश तोंडात ठेवूनच विचारलं.

“नाहीये आज. बरं झालं. आधी चूळ भर.”

“पण ओळ नाही तर करू काय मी?”

“ते अस्वल रंगव ना!”

अस्वल उघडतच नव्हतं. एक गोल फिरत राहिलं, मग ‘पान सापडले नाही’. मनालीने भोकाड पसरलं. गॅसवर दूध उतू गेलं. प्रबुद्ध कूस बदलून म्हणाला, “चालू झालं यांचं.” संघमित्राने शेगडी पुसता पुसता, ओल्या हातानेच ग्रुपवर लिहिलं:

‘टीचर, लिंक उघडत नाही. रोजचंच झालंय हे. निदान पाठवायच्या आधी एकदा उघडून बघत जा.’

पाठवल्यावर तिला क्षणभर बरं वाटलं. पाठोपाठ अंगठे पडायला लागले. एक, चार, अकरा. चैतन्यच्या मम्मीने लिहिलं, ‘अगदी बरोबर बोललीस ताई.’ शुभाच्या पप्पांनी हसून लोळणारी तोंडं टाकली. टीचरचं उत्तर आलं नाही. त्यांनी ईस्टरसाठी गुरुवारपासून रजा टाकली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रागावल्या असतील, संघमित्राला वाटलं. रागावू देत. कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

शुक्रवारी सहाला टिंग झाली. ‘शुभ प्रभात! आज वर्गात येताना लाल रंगाच्या तीन वस्तू आणा.’

ग्रुपवर लगेच सुरू झालं. ‘आज गुड फ्रायडे ना? शाळा आहे??’ ‘टीचरची वाट लागली वाटतं!’ ‘त्यांचाच सण आणि त्याच विसरल्या!’

संघमित्रा हसली नाही. तारखा लावताना सुट्ट्या वगळायच्या ती विसरली होती. चूक टीचरची नव्हती, तिची होती. पण त्याहून दुसरीच गोष्ट तिला टोचत राहिली. एथेल टीचरना वर्षाच्या सगळ्या सुट्ट्या तोंडपाठ असायच्या. बाबासाहेबांच्या जयंतीला त्या आठवणीने हिला शुभेच्छा द्यायच्या. गुड फ्रायडेला असला मेसेज गेलेला बघून त्यांनी तो मिनिटात हटवला असता. चार वेळा हटवला असता.

सहा वाजून वीस मिनिटं झाली, साडेसहा झाले. मेसेज तसाच. ओळ नाही.

तिने फोन लावला. वाजत राहिला आणि बंद पडला. दुपारी पुन्हा लावला. तेच.

“चर्चमध्ये असतील गं,” प्रबुद्ध म्हणाला. “आज त्यांचा उपास असतो, प्रार्थना असते. तू ना, मनाली दहा मिनिटं उशिरा आली तरी पोलिसात जायला निघतेस.”

शनिवारी फोन बंदच लागला. सहाची टिंग मात्र वेळेवर झाली. फुलपाखरू. कुठल्या देशातलं, कोण जाणे.

रविवारी दुपारी संघमित्राने मनालीला चपला घालायला लावल्या आणि रिक्षा केली. कांजूर गावठाणातलं टीचरचं घर तिला माहीत होतं. क्रॉसच्या मागची गल्ली, बाहेरून हिरवा लाकडी जिना, वर गॅलरी. मागे एकदा टीचरनी वर्गातल्या सगळ्या पोरांना तिथे नेऊन कैऱ्या दिल्या होत्या. गल्लीत ईस्टरचा दिवस होता. कुठेतरी मटणाला फोडणी बसत होती, पोरी नवे फ्रॉक घालून उड्या मारत होत्या. हिरव्या जिन्याखालच्या भाडेकरूंच्या दाराला कुलूप होतं.

वरचं दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. हातात सूपची वाटी. मागून टीचरचा आवाज आला, “ॲम्ब्रोज, कोण रे?”

“तुझ्या शाळेचं कोणतरी.”

एथेल टीचर खाटेवर होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, डावा पाय उशीवर, तोही प्लास्टरमध्ये. कपाळावर निळा डाग. मनाली दारातच थिजली.

“ये गं सोन्या. बघ, टीचरने वसंत ऋतूत बर्फाचा माणूस केला.” त्यांनी पांढरा पाय जरासा हलवून दाखवला. मनालीला हसू आलं आणि ती पायाशी जाऊन बसली.

संघमित्राला बसायचं सुचलं नाही. “कधी झालं हे?”

“गुरुवारी. पहाटे. मोरीत पाय सटकला.”

“मग?”

“मग काय. पडून राहिले.”

“संध्याकाळी पाचपर्यंत!” ॲम्ब्रोज अंकल वाटी आपटून म्हणाले. “गुरुवारची पायधुणी असते देवळात, फादर बारा जणांचे पाय धुतो. ही कधी चुकवत नाय. दिसली नाय म्हणून मी आलो. दार तोडलं. बारा तास, कळलं का? बारा तास लादीवर.”

“तू गप रे. पोरगी घाबरेल.” मग टीचर संघमित्राकडे न बघता, प्लास्टरवरचा दोरा काढत सांगायला लागल्या. “सरपटत दारापर्यंत आले होते. कडी वर, हात पोचेना. हाका मारल्या, पण खालचे गावाला गेलेले, आणि सकाळी पाण्याच्या मोटरी चालू असतात सगळ्यांच्या. फोन टेबलावर. मी म्हटलं, असू दे, किती वाजतील आता? साडेपाच. तुझं मशीन तेव्हा ध्यानातच नव्हतं. सहाला मेसेज गेला नाही की कोणीतरी विचारेल. निदान तू विचारशील. मनाली ओळीसाठी बसलेली असते, हे मला ठाऊक आहे.”

गल्लीत कोणीतरी फटाका उडवला. मनाली दचकली.

“आणि सहाला फोन वाजला,” टीचर म्हणाल्या. “मेसेज गेला. वेळेवर. मी लादीवरून ऐकला. मग तुमचे अंगठे यायला लागले. टिंग, टिंग, टिंग. मोजले मी. दुसरं काही करायला नव्हतंच.”

त्या टिंगांमधली पहिली कोणाची होती, हे टीचरनी नंतर फोन बघून वाचलं असणारच. त्या ते बोलल्या नाहीत. संघमित्राला वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“फोन लागतच नव्हता तुमचा,” ती म्हणाली.

“कालपासून बंद ठेवलाय. हॉस्पिटलात सारखा वाजत होता. ॲम्ब्रोज, तिला दे रे तो. आणि पोरी, ते तुझं काढून टाक आता. राहिलेले दिवस.”

फोन सुरू व्हायला वेळ लागला. संघमित्राने एकेक तारीख काढली. ससा, ट्युलिप, बर्फ, ससा. हिरव्या खुणांच्या ठिकाणी करड्या आल्या. शाळेला कळवलंय का, असं तिने विचारलं, तर टीचर म्हणाल्या, मुख्याध्यापिकांना कळवलंय, रजा वाढवलीय.

“ग्रुपवर मी लिहू का, की तुम्ही पडलात?”

“नको.”

“का पण?”

“लिहिलंस तर काय होईल? त्रेचाळीस नमस्कार येतील. ‘लवकर बऱ्या व्हा.’ एक गुलाबाचं फूल, दोन देवाचे फोटो.” त्या हसल्या, पण ओठांच्या एकाच कडेने. “उद्या नुसतं काहीच जाऊ देऊ नकोस. मला बघायचंय.”

निघताना मनालीने विचारलं, “टीचर, आता ओळ कशी लिहिणार?” टीचरनी प्लास्टरचा हात तिच्यापुढे धरला. “तूच लिही.” मनालीने स्केचपेन जवळ नव्हतं म्हणून ॲम्ब्रोज अंकलचं बॉलपेन घेतलं आणि जीभ बाहेर काढून लिहिलं, ‘कोकीळ एकली.’ संघमित्राने चूक दुरुस्त केली नाही.

सोमवारी ती पावणेसहालाच उठून ओट्याशी उभी राहिली. फोन समोर, डब्यांना टेकवून. सहा वाजले. काही झालं नाही. बाहेर कावळे ओरडत होते, खालच्या नळावर बादली ठेवल्याचा आवाज आला. सव्वासहा. प्रबुद्ध न ओरडता झोपून होता.

सहा चाळीसला टिंग झाली. तिने झडप घातली.

चैतन्यची मम्मी. ‘आज अस्वल नाही, ससा नाही. काय शांत वाटतंय यार!’

शुभाच्या पप्पांनी टाळ्या वाजवणारे हात टाकले. मग अंगठे. पाच. नऊ. चौदा.

सात वाजले. मनालीची वेणी घालून झाली. पावणेआठ. तिला शाळेत सोडून संघमित्रा फाटकाशी उभ्या असलेल्या आयांमध्ये थांबली, मुद्दाम. दहावीच्या क्लासची चर्चा झाली, हापूस अजून किती महाग आहे याची झाली. दुसरीच्या वर्गावर बदली शिक्षिका होत्या. “कोणीतरी नवीनच आलीय,” एक जण म्हणाली आणि रुमालाने वारा घेत राहिली.

वाईट माणसं नव्हती ती. तिच्यासारखीच होती. घाईत.

फाटकाच्या सावलीत तिने फोन काढला. ‘एथेल टीचर गुरुवारी पडल्या, त्यांना’ इथपर्यंत लिहिलं आणि खोडलं. ‘मला सगळ्यांना सांगायचंय की चूक माझी’ हेही खोडलं. सावरीचा एक पुंजका येऊन स्क्रीनवर टेकला. तिने तो फुंकून उडवला आणि टीचरसारखं एका बोटाने, सावकाश, लिहायला लागली.

‘आज सहाला मेसेज आला नाही. का आला नाही, हे एकानेही विचारलं नाही. गुरुवारी मीही विचारलं नव्हतं. कांजूर गावठाण, क्रॉसच्या मागची गल्ली, हिरवा जिना, वरचं घर. दार उघडं असतं आता. हे जो कोणी वाचत असेल, त्याने आज टीचरना बघून यावं. खाली अंगठा टाकू नका. जाऊन या.’