दाताच्या दवाखान्यातली निळी शर्यतगाडी

मी एक जुनी निळी शर्यतगाडी आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. खरं बोलणाऱ्याला साक्षीदार लागतात, मला नुसते ऐकणारे पुरतात. आज रविवार, दवाखाना बंद. डॉक्टरांनी आम्हा सगळ्या गाड्यांना टॉवेलवर ओळीने मांडलंय आणि ते मऊ ब्रश शोधायला आत गेलेत. ब्रश त्यांच्या खिशातच आहे, म्हणजे वेळ भरपूर आहे. तेवढ्यात, मित्रांनो, माझी कहाणी ऐकून घ्या. पिवळे, तू तर नीट ऐक. तू नवी आहेस, तुला ती अजून पाठ झालेली नाही.

मी दिसते तळहाताएवढी. खऱ्या गाडीचा त्रेचाळिसावा हिस्सा, असं माझ्या पोटाखाली कोरलेलंच आहे. पण घराणं मोठं! फ्रान्समधल्या शर्यतीच्या सलून गाड्यांचं. दिसायला चार दारांच्या, चौकोनी, अगदी घरगुती. आठवडाभर मुलांना शाळेत सोडायचं, म्हातारीला बाजारात न्यायचं, आणि सुट्टीच्या दिवशी दारावर आकडा चिकटवून घाटाच्या वळणांवर धुरळा उडवायचा. त्यातून आमच्या शाखेत इंजिन मागे आणि सामानाची जागा पुढे. लोक आम्हाला उलट्या काळजाच्या म्हणत. म्हणोत बापडे! ते काळीज पाठीमागून ढकलत होतं, म्हणून तर आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो.

माझा जन्म वितळलेल्या धातूतून झाला. बाकीच्या गाड्या साच्यातून काढाव्या लागतात, मी स्वतःच टुणकन उडी मारून बाहेर आले. मग निळा रंग मिळाला. अंगावर पांढरा पट्टा खरं तर एकच यायचा होता, पण छपाईवाल्या बाईंना ऐन वेळी शिंक आली आणि ठसा दोनदा उमटला. कारखान्याच्या साहेबांनी ते रूप पाहिलं आणि तिथल्या तिथे हुकूम सोडला, “आजपासून सगळ्यांना दोन!”

“काहीतरीच तुझं,” शेजारून लांबनाकी म्हणाली. ती पांढरी, लांबलचक नाकाची, माझ्याच देशाची आणि माझ्याच वयाची. “मोठ्या, खऱ्या गाडीलाच दोन पट्टे होते.”

“तिला कुठून आले? माझं बघूनच ना!”

शहाण्याने माझ्याशी वाद घालू नये, हे लांबनाकीला उशिरा का होईना कळलंय.

तर आमचे डॉक्टर दातांचे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, पेशंट बसतात तिथे, एक काचेचं कपाट आहे. पूर्वी त्यात प्लास्टरचे दातच दात मांडलेले असत. ते बघून अर्धे लोक खुर्चीवर बसायच्या आधीच बरे होऊन घरी जात. म्हणून डॉक्टरीणबाईंनी दात हलवले आणि तिथे आम्ही आलो. बाई बाहेरच्या काउंटरवर बसतात, नावं पुकारतात आणि दवाखाना चालवतात. डॉक्टर फक्त दात बघतात.

डॉक्टरांना आमच्या घराण्याचं वेडच. एक आणली की तिची बहीण आणायची, मग तिची मावसबहीण. घरातही गाड्या झाल्या. एकदा बाईंनी चहा करायला साखरेचा डबा काढला, तर त्यामागून एक हिरवी सलून गाडी निघाली. त्या दिवशी घराला कायदा मिळाला. “अहो, यापुढे गाड्या फक्त त्या कपाटात. आणि कपाट आता भरलंय. एक आत आली, की एक बाहेर!”

डॉक्टरांनी मान डोलावली. दुसरं करतात काय?

आमची निगा मात्र त्यांच्यासारखी कोणी राखणार नाही. दात बघायच्या छोट्या आरशाने ते आमच्या पोटाखाली बघतात. वाऱ्याच्या नळीने आमच्या कानाकोपऱ्यातली धूळ उडवतात. आणि सवयच ती, माझं दार उघडताना म्हणतात, “उघडा बरं. आणखी थोडं. दुखलं तर हात वर करा.” आता मला हात असते तर मी गाडी कशाला झाले असते?

एकदा मी कपाटातून पडले आणि माझं पुढचं चाक निखळलं. पडले नाही खरं तर, एका माशीचा पाठलाग करत होते. डॉक्टरांनी मला खुर्चीवर घेतलं, डोक्यावरचा मोठा दिवा लावला आणि दाढेवर टोपी बसवायचं सिमेंट कालवलं. चाक बसवल्यावर म्हणाले, “आता आलोच आहोत, तर शेजारचीही बघून टाकू.” आणि चारही चाकांना सिमेंट भरलं. असं बसलं म्हणता, चाक, दांडा आणि पत्रा एकजीव! दाढ उपटेल, पण माझं चाक नाही.

एका रविवारी त्यांचे दोस्त आले. घड्याळं दुरुस्त करतात, गाड्याही जमवतात. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मला उलटीपालटी केली आणि कपाळावर हात मारला. “डॉक्टर, अहो काय हे! गाडीला कवळी बसवलीत?”

मित्रांनो, तिथून माझे दिवस फिरले. पुढच्या रांगेतून मी मागच्या रांगेत गेले. लांबनाकीच्या पाठीआडून मला पंख्याशिवाय काही दिसेना. आणि मग गेल्या आठवड्यात ही पिवळी आली. दारं उघडतात, इंजिनाचं झाकण उघडतं, नखऱ्याला तोटा नाही. रागावू नकोस गं, पिवळे. तुझा काय दोष?

बाईंनी तिला पाहिलं आणि एवढंच विचारलं, “बाहेर कोण?”

डॉक्टरांना घाम फुटला. लोकांचे दात सटासट काढणाऱ्या माणसाला एक गाडी काढवेना. शेवटी घड्याळवाले म्हणाले, “त्यात विचार कसला? ही निळी. रंग उडालाय, दुरुस्ती नजरेत भरते. माझ्याकडे द्या, हिची दारं दुसऱ्या गाडीला लावता येतील.”

ऐकलंत? दारं! म्हणजे मला सुटी करून वाटणार होते. मला एका पेटीत कापसावर झोपवून ती उघडीच काउंटरवर ठेवली. घड्याळवाले ती संध्याकाळी नेणार होते.

दुपारी एक ट्रकवाले दादा आले. दारातून आडवे शिरले, एवढा देह. हातावर वाघ गोंदलेला. पण आतून कोणाचा तरी “आ” ऐकू आला आणि वाघासकट त्यांचा चेहरा पांढरा पडला. पेटीपाशी उभे राहून ते मला बघू लागले.

“दादा, तुमचा नंबर. चला आत,” बाई म्हणाल्या.

“ताई, दुखायचं थांबलंय आता.”

“गाल तर भोपळ्याएवढा सुजलाय!”

“तो पहिल्यापासूनच तसा आहे,” असं म्हणून दादा जे सुटले, ते थेट जिन्यावरून रस्त्यावर!

आता श्वास रोखून ऐका. पेशंट पळाला, डॉक्टरांची अब्रू गेली, आणि मी पेटीत पडून राहू? मी इंजिन सुरू केलं. कापसातून झेप घेतली, काउंटरवरून उडाले, जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली आले आणि भर रस्त्यात दादांचा पाठलाग सुरू केला. एक सायकल चुकवली. एका कुत्र्याच्या पोटाखालून गेले, त्याला पत्ताही लागला नाही. कोपऱ्यावर तर दोनच चाकांवर वळले! शेवटी ट्रकपाशी दादांच्या पुढे आडवी उभी राहिले आणि हॉर्न दिला. दादा थबकले. वाघही थबकला. मग ते मुकाट्याने माझ्याबरोबर माघारी आले.

“तू तर त्यांच्या मुठीत होतीस,” लांबनाकी म्हणाली. “आम्ही काचेतून बघत होतो.”

“दमले होते मी. त्यांनी आपणहून उचलून घेतलं.”

दारात येऊन दादा बाईंना खाली मान घालून म्हणाले, “ताई, ही चुकून हातातच राहिली. तेवढी द्यायला आलो.”

“बरं झालं आलात. राहू दे हातात, आणि बसा खुर्चीवर,” बाई म्हणाल्या. दादा बसले. डॉक्टर म्हणाले, “दुखलं तर हात वर करा.” दादांचे दोन्ही हात माझ्याभोवती आवळलेले, वर करणार कशाने? दाढ निघाली तरी त्यांना कळलं नाही. “अरे, झालंसुद्धा?” म्हणाले. माझ्या टपावर त्यांच्या अंगठ्याची खूण अजून आहे, बघा.

संध्याकाळी घड्याळवाले आले, तेव्हा पेटीत नुसता कापूस होता. बाईंनी मला खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं, चिमट्याच्या बाजूला. “ही आता गाड्यांत धरायची नाही,” त्या म्हणाल्या. “ही दवाखान्याचं सामान आहे.” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तो पुसायची काहीच गरज नव्हती.

तेव्हापासून पेशंट मला मुठीत धरतात. रंग रोज थोडा जातो, जाऊ दे. म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आपल्या वस्तू जपा, जुन्या झाल्या म्हणून त्यांची दारं काढू नका. आणि जपायच्या म्हणजे नुसत्या काचेआड ठेवू नका, कधी एखाद्या घाबरलेल्या माणसाच्या हातातही द्या. काय सांगावं, एखादी माझ्यासारखी शूर निघेल आणि भर रस्त्यात…

“आजी,” पिवळी मध्येच म्हणाली, “एक विचारू?”

“विचार की, बाळ.”

“सिमेंटने तुझी चारही चाकं एकजीव झालीत ना? ती तर फिरतच नाहीत. मग तू धावलीस कशी?”

मित्रांनो, दुखलं. हात असता, तर आत्ता वर केला असता.