सांडलेलं सोयाबीन

कॅप्टनने आयुष्यात जहाज पाहिलं नव्हतं. हार्वेस्टरच्या केबिनमध्ये टोपी घालून बसायचा आणि खाली उभ्या असलेल्या माणसांशी वरूनच बोलायचा, म्हणून लोक त्याला कॅप्टन म्हणायचे. त्याला ते आवडायचं. त्याच्या बायकोला कोणी कॅप्टनीण म्हटलं की ती चिडायची आणि हा हसायचा.

मशीन जुनं, पण इंजिन ठणठणीत. खोट होती ती हेडरमध्ये, म्हणजे पुढच्या त्या रुंद जबड्यात, जो पीक कापून आत ओढतो. सोयाबीनच्या शेंगा पार बुडख्यापासून लागतात आणि या हेडरचं पातं पहारीसारखं ताठ. जमीन खाली गेली तरी पातं आपलं वरच. खालच्या शेंगा धसकटाला लटकून राहायच्या, वरच्या बोथट ब्लेडच्या हिसक्याने तडकून मातीत जायच्या. हंगामाआधी फिटरने हे सगळं समजावून सांगितलं होतं.

"जमिनीबरोबर लवणारं पातं बसवू. ब्लेड नवीन टाकू. पीक आत लोटणारी ही लोखंडी बोटं काढून प्लास्टिकची लावू, म्हणजे शेंगेला मार बसणार नाही. आठवड्याचं काम आहे, कॅप्टन."

"आठवडाभर मशीन उभं ठेवू? आणि बुकिंगवाल्यांना काय सांगू, पातं व्यायाम शिकतंय म्हणून?" कॅप्टन म्हणाला. "अरे, नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत आहे ही. हात चांगला पाहिजे, हात."

"हात लवतो हो. पातं लवत नाही ना," फिटर म्हणाला. पण गिऱ्हाइकाशी किती वाद घालायचा? तो दुसऱ्या मशीनखाली शिरला.

कॅप्टनची धाकटी बहीण गेल्या वर्षी एकटी पडली. नवरा होता तोवर ती शेतात मदतीपुरती असायची. या वर्षी पेरणीपासून सगळं तिने स्वतः केलं. मनाशी तिने ठरवलं होतं की नवऱ्याच्या वेळेइतकं पीक आलं तर शेत आपणच करायचं. नाही आलं तर डेअरीवाल्याला चाऱ्यासाठी खंडाने द्यायचं आणि पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला जायचं. हे तिने भावाला सांगितलंही होतं. पीक असं उभं राहिलं की रस्त्याने जाणारे गाडी थांबवून बघायचे.

कापणी अर्थातच कॅप्टनने केली. सुरुवातीला बहीण बांधावर उभी होती, म्हणून त्याने मशीन सावकाश चालवलं. ती स्वयंपाकाला घरात गेली तसा त्याने वेग वाढवला, कारण संध्याकाळी दुसरं बुकिंग होतं. हेडरच्या पत्र्यावर दाणे ताडताड उडत होते. ते त्याला ऐकू आलं. त्याने केबिनची काच लावून घेतली.

वजनकाट्यावर ट्रॉली उभी केली तेव्हा ती काठोकाठ सोडा, पाऊणही नव्हती. बहीण एकदा ट्रॉलीकडे आणि एकदा भावाकडे बघत राहिली. आजूबाजूला त्याचीच गिऱ्हाइकं उभी होती, काहींची पिकं अजून शेतात होती. कोणी तरी विचारलंच, "काय कॅप्टन, एवढंच?"

"बी हलकं हिचं," कॅप्टनच्या तोंडून निघून गेलं. आणि एकदा निघालं म्हटल्यावर पुढचंही निघालं. "पेरलंयही विरळ. झाड दिसायला राजस, पण शेंगेत दाणाच नाही. मशीन कापून देईल, दाणा कुठून भरून देईल?"

लोक हसले. बहिणीचे कान लाल झाले.

"हो रे दादा," ती म्हणाली. "मला कुठे एवढं कळतं. तू एवढ्या धावपळीत माझं कापून दिलंस, हेच खूप झालं."

कॅप्टनने टोपी सारखी केली आणि पावती घ्यायला खिडकीशी गेला. घरी जेवताना बायकोने विचारलं, "पीक तर कमरेला लागत होतं म्हणे. मग गेलं कुठे?"

"जेव तू," कॅप्टन म्हणाला. स्वतः मात्र तो अर्ध्या ताटावरून उठला. बहिणीने डेअरीवाल्याशी बोलणं सुरू केल्याचं कळलं तेव्हा तो "बरं केलंस" म्हणाला, आणि तसं म्हणताना त्याला तिच्याकडे बघवलं नाही. आपली आपल्यालाच लाज वाटते तेव्हा माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे फार बघतो.

मग अवेळी एक बारीकसा पाऊस पडून गेला आणि ऊन पडलं. पुढच्या आठवड्यात कॅप्टन ट्रॅक्टर घेऊन त्या रस्त्याने चालला होता. बहिणीच्या शेताकडे नजर गेली आणि त्याने करकचून ब्रेक मारला.

शेत उगवलं होतं. शेजारचं रान धसकटांचं, तपकिरी, आणि मध्ये हे हिरवंगार. घराच्या बाजूला, जिथे कापणीच्या वेळी बहीण उभी होती, तिथे रोपं तुरळक होती. जसजसं लांब जावं तसतशी दाट. पलीकडच्या टोकाला, जिथे त्याने मशीन वेगात वळवलं होतं, तिथे तर पाय ठेवायला जागा नव्हती. कुठे सावकाश चालवलं, कुठे पळवलं, सगळं रस्त्यावरून वाचता येत होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

दुसऱ्या दिवशी उजाडताच ट्रॅक्टरला माती घुसळणारा रोटाव्हेटर जोडून तो हजर झाला. एका तासात सगळं मातीआड करायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. बहीण दारात आली. पाठदुखीने गेले काही दिवस ती घराबाहेर फारशी पडली नव्हती.

"अरे दादा, न सांगता?"

"डेअरीवाला यायचा आहे ना बघायला? म्हटलं, रान भुसभुशीत करून ठेवतो. तू नको येऊ, धूळ आहे."

धूळ कसली, माती अजून ओली होती. पण बहिणीचे डोळे भरून आले. "तुला किती रे व्याप माझा," म्हणत ती चहा टाकायला आत गेली.

कॅप्टन सरळ पलीकडच्या टोकाला गेला आणि सगळ्यात दाट हिरवळीत त्याने रोटाव्हेटर टेकवला. एक फेरी झाली. दुसरी फेरी घेऊन वळतो तो बांधावर बहीण उभी, हातात चहाचा पेला, आणि शेजारी मोटारसायकल लावून डेअरीवाला. त्याने इंजिन बंद केलं तेव्हा ती सांगत होती, "भाऊ असावा तर असा. न बोलावता आला बघा."

डेअरीवाला शेताकडे बघत होता. "हे काय, पुन्हा पेरलंत की काय?"

बहिणीने मग खाली पाहिलं. ती वाकली, एक रोप उपटलं. दाण्याच्या दोन्ही डाळी अजून त्याच्या डोक्यावर होत्या. तिने दुसरं उपटलं. मग मान वर करून पार टोकापर्यंत बघितलं.

"एवढं सांडलं?" डेअरीवाल्याने विचारलं. "कापलं कोणी हो?"

"चूक माझीच," बहीण घाईघाईने म्हणाली. "मी कापायला उशीर केला. शेंगा फार वाळल्या होत्या. त्याला कुणी काय करणार?"

ती खोटं बोलत होती. तारीख कॅप्टनने दिली होती आणि दोनदा पुढे ढकललीही त्यानेच होती. त्याने फक्त गप्प राहायचं होतं. चहा घ्यायचा, पेला परत द्यायचा, उरलेलं रान फिरवायचं. तो ट्रॅक्टरवरून खाली उतरला तेव्हा त्याचा तोच बेत होता. पण बहिणीने चहा पुढे केला तेव्हा त्याचा हात काही केल्या उचलेना.

"उशीर तिने केला नाही," तो डेअरीवाल्याला म्हणाला. "कापलं मी. हेडर माझं खराब आहे. फिटरने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. वर मशीन पळवलं." मग तो बहिणीकडे वळला. "बी चांगलं होतं तुझं. पेरणीही चांगली होती."

बहीण रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही.

"काट्यावर माहीत होतं तुला?"

"हो."

"मी तिथे तुझे आभार मानले रे. सगळे हसत होते, तरी मानले."

डेअरीवाला खाकरला आणि शेताचं पुन्हा कधी तरी बोलू म्हणाला. "पुन्हा नको," बहीण म्हणाली. "शेत द्यायचं नाही मला. मीच करणार आहे." तो मोटारसायकल सुरू करून निघून गेला.

"मी आजच हेडर खोलायला टाकतो," कॅप्टन म्हणाला. "लवणारं पातं, नवीन ब्लेड, सगळं. पुढच्या वर्षी तुझं—"

"आधी दुसऱ्याच्या शेतात चालव. मी मागून खाली बघत येईन. मग ठरवू."

आयुष्यात कोणी त्याच्या मशीनमागे खाली बघत चाललं नव्हतं. "ये," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "उरलेलं फिरवून टाकू?"

"नको." बहिणीने थंड झालेला चहा बांधावर ओतला. "काट्यावर जेवढे होते ना, ते सगळे याच रस्त्याने जातात. बघू दे त्यांना."

कॅप्टनने रोटाव्हेटर उचलला आणि ट्रॅक्टर रस्त्यावर काढला.